तुझ्याकडे चालतंय का?

घरातल्या कॉम्प्युटरवर एखादं पान उघडेनासं झालं की माणूस जो पहिला उपाय करतो, तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो. तो आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "तुझ्याकडे चालतंय का?" उत्तर "हो" आलं तर दुखणं आपल्या यंत्रात. "नाही" आलं तर वाय-फायमध्ये, किंवा त्याच्याही पलीकडे. मग दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या मावशीला फोन लागतो. तिच्याकडेही बंद असेल तर आपल्याला चक्क हायसं वाटतं. पान अजून उघडलेलं नसतं, पण चूक आपली नाही एवढं कळलेलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि माझ्या नोकरीतला बराच वेळ हाच प्रश्न जरा भारदस्त शब्दांत विचारण्यात जातो. इंजिनिअरिंगला असताना 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' या विषयात सात थरांची आकृती आम्ही पाठ केली होती. पिंग, ट्रेसराउट, डीएनएस हे शब्द प्रत्येकी पाच मार्कांचे होते. त्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी, कधीतरी, न चालणाऱ्या नेटवर्कसमोर वैतागून बसलेला माणूस आहे, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

पान उघडत नाही तेव्हा जाणकार माणूस क्रमाने चार गोष्टी पाहतो. नाव सापडलं का? पलीकडचं यंत्र जिवंत आहे का? वाट कुठे तुटली? आणि पोचलोच असू, तर पलीकडचा काय म्हणाला? हे चार प्रश्न म्हणजे इंटरनेटचा इतिहासच आहे. आपलं नेटवर्क बिघडणार, हे ते उभारणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. बिघाड टाळता येत नसेल तर निदान तो बोलका असावा, एवढी सोय त्यांनी हळूहळू करत आणली. पुढे ती सोय कोणी आणि कशी काढून घेतली, हा या गोष्टीचा दुसरा भाग.

नाव

१९७०च्या दशकात इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर (सगळे त्यांना 'जेक' म्हणत) यांच्या देखरेखीखाली ती फाइल ठेवली जाई. नवं यंत्र जोडायचं तर त्यांच्या कचेरीला कळवायचं, तेही कामाच्या वेळेत. मग तिथे फाइलमध्ये एक ओळ वाढायची आणि बाकीच्यांनी ती फाइल आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. गावात एकच टेलिफोन डिरेक्टरी असावी आणि प्रत्येकाने अधूनमधून जाऊन ती उतरवून आणावी, तसा हा कारभार होता.

गाव लहान होतं तोवर हे चाललं. यंत्रं वाढली तशी प्रत्येकाकडची प्रत थोडी थोडी शिळी राहू लागली. म्हणजे यंत्र चालू आहे, तारा धड आहेत, तरी जुन्या यादीमुळे ते 'नाही'. १९८३च्या नोव्हेंबरमध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला, तो म्हणजे आजची डीएनएस. एक मोठी यादी ठेवण्याऐवजी ज्याने त्याने आपल्या हद्दीतली नावं सांभाळायची आणि विचारणाऱ्याला पुढचं दार दाखवायचं. भारताच्या वाट्याला आलेलं '.इन' हे दार १९८९मध्ये नोंदलं गेलं, आणि २००४ संपेपर्यंत त्याची देखभाल मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती.

डीएनएसने दिलेली एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. 'असं नाव अस्तित्वातच नाही' आणि 'विचारायला गेलो, पण कोणी भेटलं नाही' ही दोन उत्तरं तिने वेगळी ठेवली. पहिल्यात बहुधा तुम्ही स्पेलिंग चुकलेले असता, दुसऱ्यात नावं सांगणारा सर्व्हर बंद असतो. क्रोमच्या पानावर खाली बारीक अक्षरांत 'एनएक्सडोमेन' असं काहीतरी लिहून येतं, ते पहिलं उत्तर. आपण ते वाचत नाही आणि राउटर बंद करून चालू करतो.

फाइनलरबाईंच्या त्या फाइलचा वंशज अजून तुमच्या घरी आहे. विंडोजच्या पोटात, 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते. कॉम्प्युटर डीएनएसला विचारण्याआधी आजही तिच्यात डोकावतो. जगातल्या सगळ्या साइट चालतात आणि नेमकी एकच चालत नाही, किंवा भलतीकडेच जाते, तेव्हा ती फाइल उघडून बघावी. व्हायरस लिहिणाऱ्यांनाही हा कोपरा फार पूर्वीपासून माहीत आहे.

जिवंत आहेस का?

१९८३च्याच डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस नावाच्या प्रोग्रामरला नेटवर्कचं एक विचित्र वागणं सतावत होतं. त्या वर्षी एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांच्या तोंडून त्याने ऐकलं होतं, की नेटवर्कच्या नियमांत 'मी पाठवलं ते तसंच परत पाठव' असा एक संदेश आहे, आणि अंतर मोजायला तो वापरता येतो. म्यूसने एका संध्याकाळीत हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज पाण्यातून जाऊन आपटून परत येतो, त्या आवाजावरून त्याने प्रोग्रामला 'पिंग' हे नाव दिलं. बर्कलीच्या लोकांनी तो आपल्या युनिक्समध्ये घेतला, तिथून तो सगळीकडे गेला. २०००मध्ये म्यूस एका मोटार अपघातात गेला. त्याचा पिंग विंडोजपासून मॅकपर्यंत जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर आजही आयता मिळतो.

हा प्रोग्राम चालवायला म्यूसला कोणाची परवानगी काढावी लागली नाही, आणि तुम्हालाही लागत नाही. टेलिफोनच्या जगात असं नव्हतं. तिथे सगळी अक्कल एक्स्चेंजमध्ये असायची आणि घरातला डबा मुका. फोन बंद पडला तर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट बघायची. इंटरनेटने हे उलटं केलं. मधलं नेटवर्क फक्त पाकिटं पुढे सरकवतं, ती पोचतील याची हमी देत नाही. पोचलं की नाही हे तपासणं, हरवलं तर पुन्हा पाठवणं, हे दोन्ही टोकांच्या यंत्रांचं काम. म्हणून निदान करण्याची ताकदही टोकाला, म्हणजे तुमच्या टेबलावर आली. आणि ताकदीबरोबर जबाबदारीचं झेंगटही आलं. आज कस्टमर केअरवाला "तुमच्याकडून एकदा चेक करून बघा" म्हणतो, तेव्हा तो नकळत चाळीस वर्षांपूर्वीचं तत्त्वज्ञान आपल्याला ऐकवत असतो.

वाट कुठे तुटली?

ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर फक्त चारशे यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. दोघांमधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून एकदम ४० बिट्सवर घसरला. आठशे पटींनी कमी. वही उचलून चालत नेऊन दिली असती तर लवकर पोचली असती.

व्हॅन जेकबसन त्या लॅबोरेटरीत होते. हे असं का झालं यापेक्षा, हे आजवर चाललंच कसं, असा प्रश्न त्यांना पडला. कारण सापडलं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पाकिटाची पोच वेळेत आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवत होतं. रस्ता आधीच तुंबलेला, त्यात प्रत्येकाची दुसरी गाडी, मग तिसरी. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण सगळे मिळून रिफ्रेशचं बटण दाबत बसतो आणि निकालाचं पान आणखीच गुदमरतं, तोच प्रकार. जेकबसन यांनी १९८८मध्ये मायकल कॅरल्स यांच्यासोबत शोधनिबंध लिहून उपाय सांगितला: हळू सुरुवात करा, पोच येत गेली तर वेग वाढवा, पाकीट हरवलं तर त्याला गर्दीची खूण समजा आणि मागे सरा. दुरुस्ती पुन्हा टोकांच्या यंत्रांतच झाली. मधले रस्ते होते तसेच राहिले.

याच जेकबसन यांनी त्या सुमारास ट्रेसराउट लिहिला. मूळ कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची. प्रत्येक पाकिटावर 'आणखी किती मुक्काम जगायचं' असा एक आकडा असतो. पाकीट चुकून गोल गोल फिरत राहू नये म्हणून तो ठेवलेला. दर राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला 'तुझं पाकीट माझ्याकडे संपलं' असं कळवतो. ट्रेसराउट मुद्दाम एक मुक्काम जगणारं पाकीट पाठवतो, मग दोन, मग तीन. मरणारं प्रत्येक पाकीट आपण कुठे मेलो ते सांगतं, आणि त्या निरोपांतून सगळा रस्ता उलगडतो. विंडोजवर याचं नाव 'ट्रेसर्ट'. बिघाडाच्या निरोपांतून नकाशा काढण्याची ही युक्ती मला आजही फार आवडते.

या वाटा किती थोड्या आहेत हे भारताला ३० जानेवारी २००८ला कळलं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या 'फ्लॅग' आणि 'सी-मी-वी ४' या दोन केबल तुटल्या. दोन दिवसांनी दुबईजवळ 'फाल्कन' तुटली, आणि तिथे तळाशी एक टाकून दिलेला, काही टन वजनाचा नांगर सापडला. युरोपकडे जाणारी भारताची सुमारे निम्मी क्षमता गेली. मुंबईत बसून न्यूयॉर्कचं पान उघडणाऱ्याची पाकिटं आता पश्चिमेऐवजी पूर्वेला, पॅसिफिकला वळसा घालून जाऊ लागली. मुंबईहून एडन-सुएझकडे तारेची पहिली केबल १८७०मध्ये टाकली गेली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आपला निरोप त्याच चिंचोळ्या सागरी वाटेवर अडत होता. त्या आठवड्यात घरोघरी किती मोडेम उगाच बंद-चालू झाले असतील!

पोचलो, पण काय म्हणाला?

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेब उभारलं, तेव्हा त्यांनी एक धाडसी तडजोड केली. दुवा एका बाजूने द्यायचा. ज्याच्याकडे दुवा जातो त्याला विचारायचं नाही, त्याच्याकडे नोंदही ठेवायची नाही. त्यामुळे कोणीही कोणालाही जोडू शकला. पण समोरच्याने पान हलवलं किंवा काढून टाकलं, तर दुवा तुटणार हेही ठरलं. टेड नेल्सन यांच्या झानाडूच्या स्वप्नात दुवे दोन्हीकडून बांधलेले होते, तुटणार नव्हते. ते झानाडू कधी वेबसारखं घराघरांत पोचलं नाही. तुटण्याची परवानगी असलेलं वेब जगभर पसरलं.

तुटणार हे मान्य केल्यावर ते कबूल करण्याची भाषा लागते. वेबच्या अगदी पहिल्या, १९९१च्या नियमावलीत ती नव्हती. नंतर एफटीपीच्या जुन्या पद्धतीवरून तीन आकडी उत्तरं आली, आणि १९९६च्या मे महिन्यात आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ती नोंदली गेली. त्यातलं ४०४ सगळ्यांना माहीत आहे. सर्नमध्ये ४०४ नंबरच्या खोलीत पहिला सर्व्हर होता, अशी एक दंतकथा फिरत असते. बर्नर्स-लींचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती साफ खोटी असल्याचं सांगितलं आहे. खरी गंमत पहिल्या आकड्यात आहे. ४ने सुरू होणारं उत्तर म्हणजे विचारणाऱ्याच्या बाजूने काहीतरी चुकलं: पत्ता चुकला, हक्क नाही, ओळख पटली नाही. ५ने सुरू होणारं म्हणजे 'माझंच बिघडलंय'. चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात. यंत्राने माणसाला "माफ कर, तुझं बरोबर होतं, मीच पडलो" असं सांगण्याची ही सोय आहे, आणि ती फार सभ्य आहे असं मला वाटतं.

भारतात घरगुती इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. माझ्या जन्माआधीची गोष्ट. पण घरात डायल-अप मोडेमचा आवाज ऐकलेल्या पिढीला आठवत असेल, तो मोडेम लागताना किंचाळायचा. त्यात स्पीकर बसवला होता तो यासाठीच, की लाइन एंगेज आहे, राँग नंबर लागलाय की पलीकडे मोडेम उचलतोय, हे कानाने कळावं. मामाने हॉलमधला एक्स्टेंशन फोन उचलला की कनेक्शन तुटायचं, आणि तोही बिघाड घरातल्या घरात, आरडाओरड्यासकट समजायचा.

मराठी वाचणाऱ्याला आणखी एक बिघाड ठाऊक आहे: पान उघडतं, पण वाचता येत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट आपापले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. कॉम्प्युटरच्या मते सगळं ठीक होतं, कारण त्याला ती रोमन अक्षरंच वाटत होती. पुढे युनिकोड आलं तरी विंडोज एक्सपीवर भारतीय भाषांचा आधार वेगळा बसवावा लागे, त्यासाठी सीडी शोधावी लागे, आणि तोवर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. त्या चौकटींना आपण खूप शिव्या दिल्या. पण चौकट खरं बोलत होती: 'इथे एक अक्षर आहे, माझ्याकडे ते नाही.' आधीचा काला खोटं बोलत होता, म्हणून तो दुरुस्त करणं जास्त अवघड होतं.

गप्प बसवलेला बिघाड

इथवरची गोष्ट बिघाडाला बोलतं करण्याची आहे. २००३च्या सप्टेंबरात दोन घटना घडल्या, आणि दोन्हींचा रोख उलट होता.

पहिली अमेरिकेत. '.कॉम' आणि '.नेट' या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने १५ सप्टेंबरला 'साइट फाइंडर' सुरू केलं. त्या दिवसापासून अस्तित्वात नसलेलं कुठलंही '.कॉम' नाव टाइप केलं तरी 'असं नाव नाही' हे उत्तर येईना. उलट कंपनीचं शोधाचं पान उघडे. स्पेलिंगच्या चुका हा धंदा झाला होता. पण 'नाही' या उत्तरावर माणसांइतकीच यंत्रंही अवलंबून होती. पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का, हे बघणारे स्पॅम-फिल्टर गोंधळले, कारण आता प्रत्येक नाव खरं होतं. बराच गदारोळ झाला. इंटरनेटच्या नावांचं नियमन करणाऱ्या आयकॅनने खडसावल्यावर ४ ऑक्टोबरला ते बंद पडलं.

दुसरी घटना आपल्याकडे. सरकारने मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित एकच याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश काढला. एकच ग्रुप वेगळा काढणं इंटरनेट कंपन्यांना जमेना, म्हणून त्यांनी सगळे याहू ग्रुप बंद केले. शाळेच्या बॅचचे, कवितेचे, नोकरी शोधणाऱ्यांचे, सगळे. जुलै २००६मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत हेच पुन्हा झालं. मोजकी पानं बंद करायला सांगितली होती, कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. मराठी ब्लॉगलेखन तेव्हा नुकतं बाळसं धरत होतं, आणि त्यातला मोठा भाग ब्लॉगस्पॉटवरच होता. लिहिणाऱ्याला आपलाच ब्लॉग दिसेना. का, ते सांगणारी ओळ पडद्यावर नव्हती. ब्राउझर बिचारा नेहमीसारखंच म्हणत होता, की पान दाखवता येत नाही.

फेब्रुवारी २००८मध्ये तर एका देशातली बंदी साऱ्या जगाला भोवली. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी 'या पत्त्यांचा रस्ता माझ्याकडे आहे' अशी खोटी पाटी लावली, आणि ती पाटी चुकून हाँगकाँगच्या मोठ्या कंपनीमार्फत देशाबाहेर गेली. राउटर नेहमी जास्त नेमकी पाटी खरी मानतात, आणि ही यूट्यूबच्या स्वतःच्या पाटीपेक्षा नेमकी होती. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागाचं यूट्यूब पाकिस्तानच्या दिशेने जाऊन नाहीसं होत राहिलं. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. इथल्या एखाद्या जागरण करणाऱ्याने वाय-फाय पुन्हा जोडून पाहिलं असेल, तर त्याला इस्लामाबादच्या आदेशाचा संशय यायचं काहीच कारण नव्हतं.

आणि पान उघडलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने चाळीस लाखांहून अधिक कॉम्प्युटरांचं डीएनएस गुपचूप बदललं होतं. पानं उघडत होती, पण नावं सांगत होते गुन्हेगारांचे सर्व्हर, आणि मधल्यामध्ये जाहिराती बदलल्या जात होत्या. २०११च्या नोव्हेंबरमध्ये एस्टोनियात टोळी पकडली गेली, तेव्हा पोलिसांपुढे पेच पडला. ते सर्व्हर बंद केले तर या सगळ्या घरांचं इंटरनेट एका क्षणात बंद, आणि कोणालाही कारण कळणार नाही. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी स्वच्छ सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२पर्यंत चालू ठेवले, आणि दरम्यान लोकांना सावध केलं गेलं. बंद करण्याआधी सांगायला हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

४५१

हाच साधा विचार टिम ब्रे या इंजिनिअरने आकड्यात बसवला. कायद्याने पान अडवलं असेल तर ४०४ म्हणू नका, कारण पान आहे. ४०३ म्हणू नका, कारण अडवणारा सर्व्हर नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये आरएफसी ७७२५ने या कारणासाठी नवा आकडा दिला: ४५१. रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तकं जाळणाऱ्या राज्याच्या कादंबरीच्या नावातला हा आकडा. कोणाच्या मागणीवरून, कुठल्या कायद्याखाली अडवलं, हेही उत्तरात लिहावं अशी त्यात अपेक्षा आहे. बंदी योग्य की अयोग्य यावर तो काही बोलत नाही. फक्त कारण सांगा म्हणतो.

आपल्याकडे पानं अडवण्याचा मुख्य रस्ता म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. २००९च्या त्याच्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की बंदीच्या मागण्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवावी. त्यात तंत्रज्ञानाची भर पडली. पूर्वी साधं, उघडं एचटीटीपी होतं तेव्हा इंटरनेट कंपनी मध्येच 'दूरसंचार विभागाच्या आदेशावरून बंद' असं पान दाखवू शकत होती, आणि दाखवायचीही. आता बहुतेक साइट कुलूपबंद एचटीटीपीएसवर आहेत. मधल्या कोणालाही त्या संभाषणात आपलं वाक्य घुसवता येत नाही. हे कुलूप आपल्या भल्याचं आहे, बँकेचा पासवर्ड त्यामुळेच सुरक्षित आहे. पण त्याचाच परिणाम असा, की अडवणाऱ्याच्या हाती फक्त तार तोडणं उरतं. पडद्यावर येतं 'कनेक्शन रीसेट झालं'. बिघडलेला राउटर, तुटलेली केबल आणि सरकारी आदेश हे तिघे घरातल्या माणसाला आता हुबेहूब सारखे दिसू शकतात.

ऑगस्ट २०१९मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये आख्खं इंटरनेटच बंद झालं. अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०ला निकाल दिला, आणि त्यातली एक गोष्ट या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे: इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला त्यांविरुद्ध दाद मागता येईल. फोर-जी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पण तत्त्व मांडलं गेलं, आणि ते म्यूस, जेकबसन, ब्रे यांच्या तत्त्वाशी जुळतं. कारण कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. राउटरची नाही, आणि आदेशाचीही नाही.

म्हणून 'पान उघडत नाही' ही तक्रार क्षुल्लक समजू नये. दुसरी साइट उघडून बघा, शेजाऱ्याला विचारा, नाव सापडतं का बघा, पिंग करा, ट्रेसर्ट चालवा. अनेक सर्व्हर हल्ली पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, ट्रेसर्टच्या यादीत मध्येच चांदण्या येतात, त्यांनी घाबरू नका. तरीही कुठवर पोचलो हे बहुधा कळतं. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री भारतात नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकदम गेले आणि सुमारे सहा तास गेलेलेच राहिले. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं होतं, आणि पाठोपाठ त्यांच्या डीएनएस सर्व्हरांचे रस्ते जगाच्या नकाशावरून पुसले गेले होते. त्या रात्री ज्याने नाव सापडतंय का एवढं तपासलं, त्याला दोन मिनिटांत कळलं की चूक आपल्या घरात नाही. नंतर कंपनीने काय झालं ते तपशीलवार लिहून प्रसिद्ध केलं.

खाजगी कंपनीकडून आपण एवढी अपेक्षा करतो आणि ती बऱ्याचदा पुरी होते. आदेश काढणाऱ्यांकडूनही तीच करायला हरकत नाही. कारणाची एक ओळ, आदेशाचा क्रमांक, आणि दाद कुठे मागायची त्याचा पत्ता. पडद्यावर त्यासाठी जागा भरपूर असते, कारण पान तर उघडलेलं नसतंच.